पीओच्या मागच्या पानावर काय लिहिलंय?
नाशिकच्या उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
निमा, आयमा आणि सिन्नर, गोंदे, दिंडोरी परिसरातल्या सर्व उद्योजक संघटनांचे पदाधिकारी व सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर रोज एखादी तरी पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, येते. पुढच्या पानावरचे दर, नग आणि डिलिव्हरीची तारीख आपण दोनदा वाचतो. मागच्या पानावर करड्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत अटी छापलेल्या असतात. त्या कोणी वाचत नाही, आणि वाचून तरी करणार काय, ऑर्डर तर हवीच असते. त्या अटींच्या गर्दीत एक कलम हमखास सापडतं. पुरवठादाराने या वस्तूत किंवा ती बनवण्याच्या पद्धतीत काही सुधारणा केली, तर तिचे सर्व हक्क खरेदीदाराचे. म्हणजे तुमच्या फोरमनने डाय बदलून भंगार निम्म्यावर आणलं, तर कागदोपत्री ती अक्कल त्याचीही नाही आणि तुमचीही नाही. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर माल बनवून देणं, होतं तोवर यातून फारसं बिघडलं नाही. आता बिघडायला लागलंय, म्हणून हे पत्र.

दुसऱ्याच्या बौद्धिक संपदेचा मान राखण्यात नाशिकचा कारखानदार पक्का आहे. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) आली तीच मुळी सोव्हिएत मिग-२१ विमानं परवान्यावर बांधायला. सातपूर-अंबडला स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, गाड्यांचे सुटे भाग आले आणि त्यांच्याभोवती व्हेंडर वाढले. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातला तो चौकोन, 'हे ड्रॉइंग अमुक कंपनीची मालमत्ता आहे, लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये', आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण त्याच कारखान्यात स्वतःच्या उत्पादनाचं ड्रॉइंग मागा. 'ड्रॉन बाय'समोर डिप्लोमा झालेल्या मुलाचं नाव असतं, 'चेक्ड बाय' कोरं, रिव्हिजन नंबर नाही, तारीख पेन्सिलने, आणि मालकीची ओळ तर नाहीच. दुसऱ्याचा चौकोन आपण पाळला, स्वतःचा काढायचाच राहून गेला.

गेल्या काही वर्षांत आपल्यातले पुष्कळ जण जॉबवर्क सांभाळून स्वतःचं उत्पादन काढू लागलेत, आणि त्यातलं बरंचसं ऊर्जेशी नाहीतर पर्यावरणाशी जोडलेलं आहे. सोलर पंपाचे कंट्रोलर, इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर, बॅटरी पॅक, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातला (ईटीपी) गाळ सुकवायची यंत्रं, बायोगॅसचे संच, बेदाण्याचे सोलर ड्रायर. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्याने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या कामांची चर्चा प्रत्येक शेडमध्ये आहे. माल चांगला आहे. हक्कांच्या बाबतीत मात्र आपण अजून व्हेंडरसारखेच वागतोय.

आधीच सांगून टाकते, मी पेटंट एजंट आहे. त्याआधी बरीच वर्षं स्विचगिअरच्या डिझाइनमध्ये काढली. तेव्हा 'बाई स्वतःच्या पोळीवर तूप ओढतायत' असं कोणाला वाटलं तर राग नाही. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना मी पेटंट करू नका असंच सांगते. का, ते पुढे येईल.

अंबडमधल्या एका फॅब्रिकेटरचं उदाहरण देते, नाव लिहीत नाही. त्यांनी वाइनरीच्या चोथ्यावर चालणारा बायोगॅसचा संच बनवला. द्राक्षाचा चोथा म्हणजे साली आणि बिया. टाकीत टाकला की तरंगतो, गुंततो आणि वर इतका जाड थर धरतो की खालचा गॅस वर यायलाच तयार नसतो. बाकीचे त्यावर मोटारीचं ढवळणं बसवतात. मोटार वीज खाते आणि शाफ्टच्या सीलमधून गॅस गळतो. यांनी घुमटाच्या आत बिजागरीवर एक दातेरी पंजा टांगला. गॅस साठला की टाकीतली पातळी खाली सरकते, वापरला की वर येते. या वर-खाली होण्यावरच पंजा हलतो आणि थर फुटतो. मोटार नाही, त्यामुळे सीलही नाही. बघताक्षणी वाटतं, हे आधी कोणाला सुचलं कसं नाही.

प्रदर्शनात त्यांनी टाकीचं कापलेलं मॉडेल ठेवलं, एका बाजूला काच लावून. पंजा कसा हलतो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवलं. मुलाने व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला. पुढच्या हंगामात कोणीतरी त्यांना शेजारच्या राज्यातल्या एका संचाचा फोटो पाठवला, त्यात तोच पंजा होता, फक्त रंग निळा. तेव्हा ते पेटंटसाठी आले. मी शोध घेतला, तर त्यांच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्याच मुलाचा व्हिडिओ निघाला, अपलोडच्या तारखेसकट.

कायदा इथे दयामाया करत नाही. अर्ज दाखल होण्याआधी शोध जगात कुठेही उघड झाला, मग तो खुद्द शोधकर्त्याने का केला असेना, की नावीन्य गेलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. आपण मांडव घालून भरवतो ती प्रदर्शनं आपोआप त्यात बसत नाहीत. कलम ३२ मध्ये उघड्यावर चाचणी घेण्याला एक वर्षाची सूट आहे, तीही शोधाचं स्वरूपच असं असेल की उघड्यावर चालवल्याशिवाय इलाज नाही तेव्हा. गिऱ्हाइकाला स्टॉलवर दाखवणं ही चाचणी नव्हे. पर्यावरणाच्या यंत्रांचं दुखणं असं की ती गिऱ्हाइकाच्या आवारात, उघड्यावर, वर्षानुवर्षं उभी राहतात. कोणीही यावं आणि मोजपट्टी लावावी.

हे सगळं टाळायला खर्च किती आला असता? उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाचं सुरुवातीचं लेखी वर्णन, देऊन अर्ज टाकला की त्या दिवसाची तारीख तुमची. पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. त्या काळात दाखवा, विका, बाजार आहे का ते बघा, नसेल तर सोडून द्या. स्टॉलवरच्या फ्लेक्सलाही याहून जास्त जातात. एजंटची फी वेगळी, ती आम्ही घेतोच. एक मात्र लक्षात ठेवा. तात्पुरत्या विवरणात जे लिहिलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. एक पानभर गोलगोल वर्णन टाकून निर्धास्त होणारेही मी पाहिलेत.

आता त्या फॅब्रिकेटरचं सगळंच गेलं का? नाही. पंज्याच्या दातांचा बाक आणि त्याला लावलेलं प्रतिवजन त्यांनी नंतर बदललं होतं. व्हिडिओत ते नव्हतं आणि नवे संच अजून शेडबाहेर पडले नव्हते. त्यावर अर्ज केला. पण बोलता बोलता त्यांची खरी पुंजी भलतीकडेच निघाली. चोथा मिळतो फक्त हंगामात, जानेवारी ते मार्च-एप्रिल. उरलेले महिने टाकी उपाशी ठेवून चालत नाही. मग शेण, भाजी मार्केटचा कचरा आणि लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातला सडका कांदा. कांद्यात गंधक असतं. तो जास्त पडला की गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो आणि इंजिनाचे भाग खातो. कोणत्या महिन्यात काय, किती, कोणत्या क्रमाने घालायचं आणि कांदा कुठे थांबवायचा, हे त्यांच्या सुपरवायझरच्या एका लाल वहीत आहे. निळा पंजा बसवणाऱ्याकडे ती वही नाही, म्हणून त्याच्या टाक्या हंगाम सरला की आंबतात.

ती वही कुठे असते, असं विचारलं तर म्हणाले, 'खिडकीत. पंपाच्या चावीखाली.'

पेटंट हा सौदा आहे. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क घ्यायचा आणि बदल्यात सगळं जगाला सांगायचं. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, पेटंट मंजूर होवो वा न होवो. म्हणून यंत्र उघडल्यावर जे दिसणारच आहे त्याचं पेटंट किंवा डिझाइन (म्हणजे बाह्य रूप) नोंदवावं, आणि जे उघडूनही कळत नाही ते गुपित ठेवावं, असा माझा साधा हिशेब असतो. लाल वहीचं पेटंट करायला निघणं म्हणजे ती स्वतःहून प्रतिस्पर्ध्याच्या हातात देणं. कंट्रोलरच्या प्रोग्रामचंही तसंच. नुसत्या संगणक प्रणालीला कलम ३(के) मुळे पेटंट मिळत नाही. कॉपीराइट आपोआप असतो, पण चिपमधला कोड कोणी वाचून काढू नये म्हणून मायक्रोकंट्रोलरचा रीड-प्रोटेक्ट बिट चालू करून माल पाठवणं ही पहिली पायरी. तो बंद ठेवून माल पाठवणारे कारखाने आपल्यात आहेत, विचारून बघा.

गुपित फुटलं की काय होतं याचं पवनऊर्जेतलं उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं. अमेरिकन सुपरकंडक्टर ही कंपनी पवनचक्कीच्या नियंत्रणाची प्रणाली आणि विद्युत भाग बनवायची, आणि तिचा सगळ्यात मोठा ग्राहक चीनची सिनोवेल. २०११ मध्ये सिनोवेलने अचानक माल घेणं थांबवलं. चौकशीत निघालं की अमेरिकन कंपनीच्या ऑस्ट्रियातल्या एका अभियंत्याला फितवून प्रणालीचा सोर्स कोडच उचलला होता. खटला अमेरिकेत २०१८ मध्ये संपला, सिनोवेल दोषी ठरली, ५ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले. तोवर त्या कंपनीचं बाजारमूल्य १०० कोटी डॉलरहून जास्त घसरलं होतं आणि सुमारे ७०० माणसांची नोकरी गेली होती. कोर्टात जिंकूनही ते दिवस परत आले नाहीत. एकाच मोठ्या ग्राहकावर उभा असलेला कारखाना, आणि सगळ्या किल्ल्या एका माणसाकडे. आपल्याकडे किती शेड अशा आहेत?

आपल्याकडे तर व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तो करावा असं सुचवलंय. आज सगळी भिस्त करारावर. आणि करारातही 'नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं याच धंद्यात जायचं नाही' ही आपल्या आवडीची अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. माणसाला पोट भरण्यापासून अडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कागद आणि फाइली मात्र बाहेर नेऊ नयेत, गुपित वापरू नये, एवढी अट टिकते. त्यासाठी गुपित कोणतं हे आधी ठरलेलं हवं आणि ते कुलपात हवं. खिडकीत ठेवलेल्या वहीला कोर्ट गुपित म्हणणार नाही.

याच ओघात दुसरी गोष्ट. आपल्या पेटंट कायद्यात कामगाराने लावलेला शोध आपोआप मालकाचा होतो असं कलम नाही. अर्ज करण्याचा अधिकार खऱ्या आणि पहिल्या शोधकर्त्याचा, किंवा त्याने लिहून दिलं असेल त्याचा. फोरमनने सुचवलेला बदल कंपनीच्या नावावर करायचा तर त्याची लेखी सही हवी, आणि माझ्या मते त्याला काहीतरी बक्षीसही हवं. तेवढा मोठेपणा मालकाने दाखवावा. कॉलेजच्या मुलांकडून प्रोजेक्ट करून घेणाऱ्यांनी तर हे दुप्पट जपावं. मुलगा, त्याचे सर, कॉलेज आणि तुम्ही, चौघांतला कोण मालक हे ठरवल्याशिवाय काम सुरू करू नका.

पेटंट करू नका असं मी कोणाला सांगते? जुन्या दोन यंत्रांना शेजारी शेजारी बसवून 'हायब्रिड' म्हणणाऱ्यांना. ज्ञात साधनं आपापलं काम स्वतंत्रपणे करत असतील तर त्यांची नुसती मांडणी कलम ३(एफ) मध्ये अडकते, आणि सौरऊर्जेतले पुष्कळ अर्ज या दगडावर आपटतात. द्राक्ष किंवा कांद्याच्या लागवडीची पद्धत घेऊन येणाऱ्यांनाही तेच, शेतीच्या पद्धतीला ३(एच) खाली पेटंट नाही. छोट्या सुधारणांसाठी जर्मनी-चीनमध्ये लहान मुदतीचं 'युटिलिटी मॉडेल' असतं, ते आपल्याकडे नाही. चार्जरच्या डब्याचं वेगळेपण रूपात असेल तर डिझाइन नोंदवा, १० वर्षं आणि वर ५ वर्षांची वाढ मिळते. आणि शेतकरी तुमचं यंत्र नावाने ओळखत असेल तर सगळ्यात आधी ट्रेडमार्क. परराज्यातला डीलर तुमच्याच नावाची नोंदणी स्वतःच्या नावे करून बसला की मग धावाधाव होते.

उलट बाजू कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. दुसऱ्यांची पेटंट हे फुकटचं ग्रंथालय आहे. एस्पसेनेट, पेटंटस्कोप आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, तिन्हींवर शोधायला पैसे पडत नाहीत. युरोपीय पेटंट कार्यालयाने हवामानाशी संबंधित शोधांना वाय०२ असं वेगळं वर्गचिन्ह दिलंय, ते टाकलं की कचरा, सांडपाणी, बॅटरी, सौर असा साठा समोर येतो. पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं. जर्मन कंपनीने भारतात अर्जच केला नसेल तर तिचं तंत्र इथे वापरणं ही चोरी नाही. ज्या देशात मुदत संपली तिथे तर ते मोकळंच. आज ज्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा बोलबाला आहे, तिची मूळ पेटंट टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या संशोधनातून आलेली. त्यावर अमेरिका-कॅनडात वर्षानुवर्षं खटले चालले आणि मुख्य पेटंट २०२२ पर्यंत संपली. चीनमधल्या कारखान्यांना देशांतर्गत विक्रीवर रॉयल्टी द्यावी लागत नव्हती, तेवढ्या काळात ते कुठल्या कुठे गेले. पेटंट कुठे लागू आहे आणि कधी संपतंय हे वाचणंही धंद्याचंच काम आहे.

निर्यातीचं मात्र वेगळं. जर्मन एनरकॉनची पवनचक्की चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. केनेटेक या अमेरिकन कंपनीच्या पेटंटमुळे १९९६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिची आयात रोखली. गंमत म्हणजे त्याच वर्षी केनेटेकचं दिवाळं निघालं. कंपनी गेली, पेटंट राहिलं, हात बदलत शेवटी जनरल इलेक्ट्रिककडे पोचलं. तेव्हा आफ्रिकेत नाहीतर आखातात माल पाठवण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी त्या देशात आधी शोध घ्यावा. स्वतःचा अर्ज परदेशात करायचा तर पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत, किंवा पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या, मार्गाने ३०-३१ महिन्यांपर्यंत. आणि भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय किंवा कलम ३९ ची परवानगी घेतल्याशिवाय थेट बाहेर अर्ज करणं गुन्हा आहे, हे परदेशी भागीदाराच्या घाईत विसरू नका.

भागीदारावरून एनरकॉनचीच भारतातली गोष्ट. १९९४ मध्ये त्यांनी इथल्या मेहरा कुटुंबाबरोबर संयुक्त कंपनी काढली, तंत्रज्ञान परवान्यावर दिलं. पुढे बिनसलं. परवाना चालू की संपला, सुधारित तंत्र द्यायचं की नाही, यावरून दोन्हीकडून खटले. भारतीय बाजूने एनरकॉनच्या पेटंटांनाच आव्हान दिलं आणि २०१० मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने त्यातली डझनभर रद्द केली. २०१४ मध्ये प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात होती. एवढ्या मोठ्यांची ही गत. परवान्याच्या करारात तो कधी संपतो, संपल्यावर बसवलेल्या यंत्रांचे सुटे भाग कोण देणार, आणि मधल्या काळात इथल्या इंजिनिअरने केलेली सुधारणा कोणाची, या तीन ओळी स्पष्ट नसतील तर सही करू नका. पीओच्या मागच्या पानावरचं कलम हे याच आजाराचं छोटं रूप.

द्राक्ष बागायतदार आपल्या पुढे गेलेत, हे मला जरा लागतं. आररा मालिकेतल्या परदेशी जाती परवान्यावर लावणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात आहेत. रॉयल्टी द्यायची आणि काडी दुसऱ्याला द्यायची नाही, हे त्यांनी सही करून मान्य केलंय. नव्या जातीची किंमत त्यांना कळली. नव्या यंत्राची आपल्याला अजून कळायचीय.

टेंडरबद्दल. महापालिका असो नाहीतर जिल्हा परिषद, तांत्रिक पाकिटात आपण पूर्ण ड्रॉइंगं जोडतो आणि मग ती कोणीही माहितीच्या अधिकारात मागू शकतो, अशी भीती असते. माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपित आणि बौद्धिक संपदेला संरक्षण आहे, आणि कलम ११ प्रमाणे तुम्ही गोपनीय म्हणून दिलेली माहिती देण्याआधी अधिकाऱ्याने तुम्हाला नोटीस देऊन बाजू मांडायला १० दिवस द्यावे लागतात. पण ती गोपनीय आहे असं पानावर लिहिलेलं तर हवं! रबरी शिक्का करून घ्या. तोही सगळ्या पानांवर मारू नका, नाहीतर त्याला अर्थ उरत नाही. जिथे खरं काही आहे तिथेच मारा. आणि व्यापक जनहित निघालं तर संरक्षण सुटू शकतं, म्हणून खरं गुपित टेंडरमध्ये घालूच नये. पाणी किती शुद्ध होतं याची हमी द्या, कसं होतं त्याची पाककृती नको.

जिवाणूंचं कल्चर विकणाऱ्यांसाठी एकच सूचना. गोदावरीच्या गाळातून किंवा चोथ्याच्या ढिगातून वेगळा केलेला जिवाणूही जैविक संसाधन आहे. त्यावर आधारित शोधाच्या पेटंटसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्याआधी तिथे नोंदणी करावी लागते. हे शेवटच्या महिन्यात आठवलं की फाइल अडकते.

पृथ्वी वाचवायची तर हक्क कसले, सगळं खुलं करा, असं म्हणणारे मित्र मला भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. टेस्लाने २०१४ मध्ये, टोयोटाने २०१९ मध्ये आपली पेटंट खुली केली. त्याआधी २००८ मध्ये आयबीएम, नोकिया, सोनी वगैरेंनी 'इको-पेटंट कॉमन्स' काढलं, शंभरेक पेटंट टाकली, आणि २०१६ मध्ये ते गुंडाळलं. नुसतं पेटंट दिलं आणि यंत्र चालवायची हातोटी दिली नाही, तर घेणारा काय करणार? टोयोटाने पेटंट फुकट दिली, तांत्रिक साहाय्याचे पैसे लावले. त्यात धंदाही आला. भाभा अणुसंशोधन केंद्रही 'निसर्गऋण' बायोगॅसचं तंत्र फी घेऊन, प्रशिक्षणासकट देतं. एखाद्याला खरोखर खुलं करायचं असेल तर तारखेसकट नीट प्रसिद्ध करावं, म्हणजे दुसरा कोणी त्यावर पेटंट घेऊ शकणार नाही. पण दान करायचं तर वस्तू आधी आपल्या नावावर हवी. आज आपण दान करत नाही, गमावतोय.

आता संघटनांकडे मागणं. एकट्या कारखानदाराने पीओचं ते कलम खोडून पाठवलं तर ऑर्डर शेजारच्या शेडला जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ही बोलणी तुम्हीच करायची. मोठ्या खरेदीदारांशी एकत्र बसून एवढंच मान्य करून घ्या की त्यांच्या ड्रॉइंगवरची सुधारणा त्यांची, पण पुरवठादाराची स्वतःची प्रक्रिया, जिग (काम पकडून ठेवायचे साचे) आणि आधीपासूनचं ज्ञान पुरवठादाराचं. हे अवास्तव मागणं नाही. दुसरं, गोपनीयतेचा करार आणि कामगाराचं हक्क-पत्र, दोन्हींचे नमुने साध्या मराठीत, सही करणाऱ्याला कळतील असे. इंग्रजीत डाउनलोड केलेल्या करारात मी अमेरिकेतल्या डेलावेअरचं न्यायक्षेत्र पाहिलंय, वाद अंबडचा आणि कोर्ट डेलावेअरचं. तिसरं, एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत बौद्धिक संपदा सुविधा केंद्राची सोय आहे, ती संघटनेने मागावी. याच योजनेत भारतीय पेटंट मंजूर झाल्यावर १ लाखापर्यंत आणि परदेशी पेटंटसाठी ५ लाखांपर्यंत खर्च परत मिळतो. अर्ज करणारे थोडे, कारण सांगणारं कोणी नाही. छोट्या उद्योगाला जलद परीक्षणही मागता येतं, फी ८,०००. ब्रिटनमध्ये २००९ पासून हरित शोधांसाठी वेगळी जलद रांग आहे. तशी इथे व्हावी म्हणून तुम्ही दिल्लीला लिहा, पण तोवर लघुउद्योगाची जी रांग आहे ती तरी वापरू.

केंद्र आणि बोलणी यांना वेळ लागेल. एक काम मात्र लगेच होण्यासारखं आहे. पुढच्या प्रदर्शनाच्या स्टॉल बुकिंगच्या अर्जात एक रकाना वाढवा: 'नवीन यंत्र दाखवणार असल्यास पेटंट किंवा डिझाइन अर्जाचा क्रमांक व तारीख.' रकाना कोरा राहिला तर संघटनेच्या कार्यालयातून त्या माणसाला प्रदर्शनाच्या किमान तीन आठवडे आधी फोन जावा. रकान्याचा आणि दोन्ही करारांचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, त्यासाठी फी नको. कार्यकारिणीच्या बैठकीची तारीख कळवलीत की छापील प्रती घेऊन येते. येताना आपापली एक पीओ आणा, मागचं पान वर ठेवून.

आपली,
सातपूरमधली एक पेटंट एजंट